इमारतीची तपासणी आणि नियमांची भाषा : सोलापूरच्या संदर्भात एक परामर्श

सोलापूर शहरात एखाद्या जुन्या सार्वजनिक इमारतीची डागडुजी निघाली म्हणजे दोन प्रश्न एकदम उपस्थित व्हावयास हवेत. चाकांच्या खुर्चीवरून किंवा पांढऱ्या काठीच्या आधाराने येणाऱ्या मनुष्यास त्या इमारतीत दुसऱ्याच्या मदतीवाचून शिरता येईल काय, हा पहिला प्रश्न. छतावरचा, वऱ्हांड्यावरचा किंवा संडासावरचा जो पन्हळी पत्रा काढावा, कापावा अथवा भोके पाडून पुन्हा बसवावा लागणार आहे, त्यात ॲस्बेस्टॉस आहे काय, हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर संसदेचे अधिनियम, केंद्राचे नियम आणि सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय उपलब्ध आहेत. दुसरा प्रश्न विचारण्याचे कर्तव्य मात्र इमारतीच्या मालकावर, वास्तुशिल्पज्ञावर किंवा परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्यावर स्पष्टपणे टाकलेले नाही. वस्तुतः हे दोन प्रश्न एकाच भिंतीला आणि एकाच छपराला चिकटलेले आहेत. त्यांचा विचार वेगवेगळ्या दालनांत होत असल्यामुळे एकाची पूर्तता करताना दुसऱ्याचे अनिष्ट ओढवण्याचा संभव कसा निर्माण होतो, हे संबंधित नियमांच्या भाषेच्या आधारे तपासून पाहणे हा प्रस्तुत परामर्शाचा हेतू आहे.

नियम हाही एक लेखच होय. त्यातील शब्द कोणाला उद्देशून आहेत, क्रियापद कोणत्या अर्थी योजले आहे आणि कोणती गोष्ट न बोलता सोडून दिली आहे, हे प्रश्न काव्याच्या टीकेत जितके महत्त्वाचे, तितकेच येथेही आहेत. फरक इतकाच की, काव्यातील संदिग्धता वाचकाला आनंद देते आणि नियमातील संदिग्धतेची किंमत कोणाला तरी आपल्या देहाने मोजावी लागते.

१

सुगम्यतेच्या कायद्याचा इतिहास थोडक्यात असा आहे. १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या अधिनियमात सार्वजनिक इमारतींना उतरंडी असाव्यात, असे सांगितले होते. परंतु ते शासनाच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. त्या सवलतीमुळे कर्तव्याचे रूपांतर सदिच्छेत झाले. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ही त्रुटी दूर करण्याचा प्रयत्न केला. तो अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. त्याच्या कलम ४४ प्रमाणे, सुगम्यतेच्या नियमांशी जुळत नसलेल्या नकाशास बांधकामाची परवानगी देता येत नाही आणि तशा इमारतीस पूर्णत्वाचा दाखलाही देता येत नाही. कलम ४५ प्रमाणे, नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांच्या आत अस्तित्वातील सर्व सार्वजनिक इमारती सुगम्य करावयाच्या होत्या. नियम जून २०१७ मध्ये निघाले. अर्थात ही मुदत जून २०२२ मध्ये संपली. ‘सार्वजनिक इमारत’ या संज्ञेत शासकीय इमारतींबरोबरच लोकांच्या वापरातील खाजगी इमारतीही अंतर्भूत आहेत. शाळा, दवाखाने, दुकाने, कार्यालये, देवस्थाने व स्थानके ही सारी या व्याख्येत बसतात.

अधिनियमाचे शब्द इतके निःसंदिग्ध असता अंमल का ढिला राहिला, याचे उत्तर नियमांत सापडते. २०१७ च्या नियमांतील नियम १५ ने सुगम्यतेची मापे स्वतः दिली नाहीत. २०१६ च्या मार्गदर्शक सूत्रांकडे बोट दाखवून तो थांबला. ती सूत्रे बव्हंशी शिफारशीच्या भाषेत लिहिलेली होती. राजीव रतुरी विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी नेमके याच विसंगतीवर बोट ठेवले. मूळ अधिनियम आज्ञा करतो आणि त्याखालचा नियम सल्ला देतो, अशी स्थिती असेल, तर नियम अधिनियमाशी विसंगत ठरतो. या कारणास्तव नियम १५ अवैध ठरवून, ज्यांत तडजोड संभवत नाही अशी किमान मानके अनिवार्य स्वरूपात वेगळी काढावीत, असा आदेश न्यायालयाने केंद्र शासनास दिला व त्यासाठी तीन महिन्यांची मुदत घातली. हा निर्णय एका अर्थी नियमाच्या क्रियापदांवर केलेली टीका आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

मराठीत ही अडचण अधिक बिकट होते, याकडे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. मराठीचे विध्यर्थी रूप एकाच प्रत्ययाने कर्तव्य, योग्यता, इच्छा आणि शक्यता या सर्व छटा व्यक्त करते. ‘प्रवेशद्वारी उतरंड ठेवावी’ हे वाक्य हुकूम म्हणून वाचता येते, सल्ला म्हणून वाचता येते आणि नुसती अपेक्षा म्हणूनही वाचता येते. कायद्याच्या मराठीने यावर तोडगा काढला आहे. अनिवार्यता दाखविण्यासाठी भविष्यकाळी ‘करील’, ‘असेल’ किंवा ‘बंधनकारक राहील’ अशी रूपे आणि ऐच्छिकता दाखविण्यासाठी ‘करता येईल’ हे रूप वापरण्याचा संकेत अधिनियमांच्या मराठी पाठांत रूढ झाला आहे. परंतु परिपत्रके, तपासणीचे नमुने व निविदांच्या अटी जेथे सिद्ध होतात, त्या टेबलापर्यंत हा संकेत नेहमी पोहोचत नाही. तेथे ‘ठेवावी’, ‘करण्यात यावी’, ‘शक्यतो असावी’ हीच भाषा चालते. परिणामी, दिल्लीत ज्या संदिग्धतेवर न्यायालयाने आघात केला, तीच तालुक्याच्या पातळीवर अनुवादाच्या वाटेने परत येण्याचा धोका आहे.

२

भाषेनंतर मापाकडे वळणे क्रमप्राप्त आहे. उतरंडीचा चढ बारास एक याहून अधिक तीव्र नसावा, हे प्रमाण भारतातील मार्गदर्शनात दीर्घकाळ मान्य झालेले आहे. त्याचा अर्थ साध्या गणिताने समजतो. सोलापुरातील अनेक जुन्या इमारतींचे जोते पावसाच्या पाण्यापासून व धुळीपासून बचाव म्हणून उंच घेतलेले असते. पंधरा सेंटिमीटरच्या सहा पायऱ्या चढून वर जावयाचे, तर उंची ९० सेंटिमीटर होते. एवढ्या उंचीला बारास एक या प्रमाणाने १० मीटर ८० सेंटिमीटर लांबीची उतरंड लागते आणि मध्ये विसाव्याचा सपाट टप्पाही द्यावा लागतो. त्याऐवजी पायऱ्यांच्या कडेला साडेतीन मीटरांत बसविलेला सिमेंटचा उतार हा जवळपास चारास एक एवढा तीव्र असतो. त्यावरून खुर्ची स्वतःच्या हातांच्या बळावर वर जात नाही आणि उतरताना पुढे कलंडण्याची भीती असते. तो उतार दुचाकी चढविण्यास मात्र उत्तम.

तपासणीच्या नमुन्यात ‘उतरंड आहे काय’ असा रकाना असेल, तर या दोन्ही उतारांना ‘होय’ हेच उत्तर मिळेल. चढ किती, कठडा दोन्ही बाजूंस आहे काय, दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर भरते काय आणि संडासात खुर्ची वळते काय, हे प्रश्न फुटपट्टी हाती घेतल्याशिवाय सुटत नाहीत. ज्या तपासणीत माप नाही, ती केवळ कागदाची साक्ष होय. शिवाय पूर्णत्वाचा दाखला हा इमारतीच्या आयुष्यातील एका दिवसाचा दाखला असतो. पुढे त्या उतरंडीवर कुंड्या, जनित्र किंवा चपलांचे फडताळ येऊन बसले, तर त्याची दखल घेणारी यंत्रणा कलम ४४ मध्ये नाही.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते. २०१६ च्या अधिनियमातील कलम ३७ प्रमाणे, गृहनिर्माणाच्या संबंधित योजनांतील वाटपात लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तींसाठी पाच टक्के आरक्षण आहे. सोलापुरास हे कलम परके नाही. कुंभारी येथील रे नगर ही असंघटित कामगारांसाठी योजलेली ३०,००० घरांची वसाहत असून, तेथील १५,००० घरे १९ जानेवारी २०२४ रोजी हस्तांतरित करण्यात आली. त्याआधी त्याच परिसरात विडी कामगार स्त्रियांसाठी गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली होती. कामगारांनी संघटितपणे मिळविलेल्या घरांची अशी परंपरा भारतात फार थोड्या शहरांना आहे. परंतु घराचे वाटप आणि घराचा वापर या भिन्न गोष्टी आहेत. हक्काचा कागद हाती आला आणि न्हाणीघराच्या दारातून खुर्ची आत गेली नाही, तर तो हक्क उंबरठ्याबाहेरच राहतो.

३

आता छपराकडे वळावे. ज्याला बाजारात व घरोघरी ‘सिमेंटचा पत्रा’ म्हणतात, तो सिमेंट आणि ॲस्बेस्टॉसचे तंतू यांच्या मिश्रणाने तयार होतो. तंतूंचे प्रमाण सामान्यतः आठ ते दहा टक्क्यांच्या आसपास असते; ते क्रायसोटाइल म्हणजे पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचे असतात. हा पत्रा गंजत नाही, लोखंडी पत्र्याइतका तापत नाही, पावसात तेवढा वाजत नाही आणि स्वस्त पडतो. उन्हाळ्यात ज्या शहरात पारा चाळीस अंशांच्या वर रेंगाळतो, तेथे गरीब मनुष्याने तो पसंत करावा, यात नवल नाही. पूर्व भागातील ज्या घरांत राहणे आणि माग चालविणे एकाच छपराखाली होते, तेथे तर या गुणांचे मोल अधिकच.

प्रश्न त्या आठ-दहा टक्क्यांचा आहे. पत्रा अखंड असेपर्यंत तंतू सिमेंटात जखडलेले राहतात आणि हवेत फारसे मिसळत नाहीत. तो यंत्रकरवतीने कापला, आकड्यांसाठी त्यास भोके पाडली, तो आपटून फोडला किंवा वर्षानुवर्षांच्या ऊन-पावसाने त्याचा पृष्ठभाग झिजला, म्हणजे तंतू मोकळे होतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत व त्यांना वास नाही. फुप्फुसात गेल्यावर ते विरघळत नाहीत. फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, फुप्फुसाचा कर्करोग आणि श्वास कोंडणारा ॲस्बेस्टॉसिस हे विकार त्यातून उद्भवतात. आवरणाच्या कर्करोगाची लक्षणे संपर्कानंतर बहुधा वीस ते चाळीस वर्षांनी प्रकट होतात. सर्व प्रकारचा ॲस्बेस्टॉस मनुष्यास कर्ककारक आहे, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा निष्कर्ष आहे. व्यवसायातील संपर्कामुळे जगात दरवर्षी दोन लाखांहून अधिक मृत्यू होतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

येथे पुन्हा भाषेचा प्रश्न येतो. ‘सिमेंटचा पत्रा’ या नावात सिमेंट आहे, ॲस्बेस्टॉस नाही. छपरावर चढणारा गवंडी, खाली तुकडे वेचणारी बाई आणि तुकड्यांनी अंगणात खेळणारे मूल यांना त्या नावातून धोक्याची कोणतीही सूचना मिळत नाही. हे मौन बोलीपुरतेच मर्यादित नाही. २०११ च्या जनगणनेत घराच्या छपराचे साहित्य नोंदविताना जस्ताचा पत्रा, इतर धातूचा पत्रा आणि ॲस्बेस्टॉसचा पत्रा यांना एकाच वर्गात घातले आहे. त्यामुळे सोलापुरात किती घरांवर धातूचा पत्रा आहे आणि किती घरांवर ॲस्बेस्टॉसचा, हे त्या गणनेवरून कळू शकत नाही. ज्या वस्तूस स्वतंत्र नाव नाही, तिला रकाना नाही; आणि ज्या वस्तूस रकाना नाही, तिची तपासणीही होत नाही. भर म्हणजे, ॲस्बेस्टॉसविरहित तंतू-सिमेंटचे पन्हळी पत्रेही आता तयार होतात व भारतीय मानकांत त्यांचे प्रमाण वेगळे आहे. जुना रंगलेला पत्रा या दोहोंपैकी कोणता, हे नुसत्या डोळ्यांनी ठरविता येत नाही. त्यासाठी नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा लागतो.

४

ॲस्बेस्टॉससंबंधी भारतीय न्यायव्यवस्था उदासीन राहिली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्र विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी दिलेला निर्णय कामगारांच्या आरोग्याच्या इतिहासात मानाचे स्थान मिळविणारा आहे. आरोग्याचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग होय, असे त्यात प्रतिपादिले गेले. कामगाराची आरोग्य-नोंद नोकरीच्या आरंभापासून चाळीस वर्षे किंवा ती सुटल्यानंतर पंधरा वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत ठेवण्यास न्यायालयाने फर्माविले आणि बाधित कामगारास एक लाख रुपये भरपाई ठरवून दिली. रोग उशिरा प्रकट होतो, म्हणून नोंदही दीर्घकाळ टिकली पाहिजे, हा त्यामागील विचार अत्यंत सयुक्तिक आहे. पुढे २१ जानेवारी २०११ रोजी कल्याणेश्वरी प्रकरणात ॲस्बेस्टॉसवर सरसकट बंदीची मागणी न्यायालयाने फेटाळली. तो निर्णय विधिमंडळाच्या कक्षेतला मानला.

या निर्णयांचे श्रेय मान्य करूनही त्यांची मर्यादा सांगितली पाहिजे. त्यांच्या दृष्टीपुढे जो मनुष्य आहे, तो ॲस्बेस्टॉसच्या उद्योगातील कामगार होय. पत्रा कारखान्याच्या दारातून बाहेर पडला की तो नियमांच्या दृष्टीआड होतो. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांतील पहिल्या अनुसूचीत ॲस्बेस्टॉसची नोंद आहे. पण ती उत्पादन-प्रक्रियेतून निघणाऱ्या कचऱ्याच्या रूपाने. १९८७ चे भारतीय मानक ॲस्बेस्टॉस-सिमेंटच्या वस्तू सुरक्षितपणे कशा हाताळाव्यात हे सांगते. परंतु ते मार्गदर्शन आहे, त्याला दंडाचे पाठबळ नाही. म्हणजे सुगम्यतेच्या बाबतीत २०२४ मध्ये जो दोष न्यायालयाने दाखविला, तोच दोष येथे अधिक ठळकपणे विद्यमान आहे. तेथे निदान वरचा अधिनियम आज्ञार्थी होता. येथे इमारतीपुरती वरची आज्ञाच नाही.

इतर देशांत या प्रश्नाची मांडणी वेगळ्या रीतीने झाली. ब्रिटनने १९९९ मध्ये पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचा वापर बंद केला. परंतु बंदीने जुन्या इमारती निर्धोक होत नाहीत, हे ओळखून २०१२ च्या विनियमांत निवासेतर इमारतीच्या धारकावर ॲस्बेस्टॉसचा शोध घेण्याचे, नोंदवही ठेवण्याचे आणि काम करणाऱ्यास ती दाखविण्याचे कर्तव्य कायम ठेवले. अमेरिकेत १९८६ च्या अधिनियमाने शाळांच्या इमारतींची दर तीन वर्षांनी पुनर्तपासणी ठरविली; पांढऱ्या ॲस्बेस्टॉसच्या उरलेल्या वापरावर तेथे २०२४ मध्ये बंदी आली. या क्रमावरून एक गोष्ट ध्यानात येते : बंदी हा भविष्यकाळाचा उपाय आहे, भूतकाळाचा उपाय तपासणी हाच होय. भारतात बंदीचा वाद अनेक वर्षे चालला. तपासणीची मागणी मात्र त्या मानाने क्षीण राहिली.

५

या दोन विषयांचा सांधा कलम ४५ मध्ये आहे. अस्तित्वातील इमारती सुगम्य करा, असे ते कलम सांगते. जुनी इमारत सुगम्य करणे म्हणजे दार रुंद करणे, वऱ्हांडा वाढविणे, संडास पाडून मोठा बांधणे आणि उद्वाहकासाठी छत फोडणे. नेमक्या याच जागी पन्हळी पत्रे व जुने पाण्याचे नळ सापडण्याचा संभव अधिक. गिरणीच्या काळातील इमारतीत वाफेच्या नळांभोवती ॲस्बेस्टॉसचे वेष्टन असू शकते आणि ते सिमेंटात जखडलेले नसल्याने पत्र्याहून अधिक घातक ठरते. १८७७ मध्ये सुरू झालेल्या जुन्या गिरणीपासून ज्या शहराची औद्योगिक ओळख घडली आणि जेथे बंद गिरण्यांच्या जागांचा नव्याने उपयोग होत आला आहे, तेथे ही शंका काल्पनिक म्हणता येणार नाही. अपंग व्यक्तीसाठी वाट मोकळी करण्याचे पुण्यकार्य मजुराच्या फुप्फुसात तंतू भरून पार पडावे, हा विरोधाभास तपासणीचा क्रम ठरविल्यानेच टळू शकतो.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, गरीब मनुष्याच्या डोक्यावरचे छप्पर या निमित्ताने काढून घेतले जाईल. हा आक्षेप गंभीर आहे. परंतु तपासणीचा अर्थ उच्चाटन नव्हे. शाबूत पत्रा जागीच राहू देणे, त्यास भोके न पाडणे, रंगाचा लेप देणे आणि तो काढावयाचाच झाला तर ओला करून, अखंड उतरवून, फोडल्यावाचून झाकून नेणे, हे उपाय फार खर्चाचे नाहीत. खर्च खरा आहे तो नव्या छपराचा, आणि तो घरमालकावर एकट्यावर लादणे योग्य नव्हे. दुसरा आक्षेप असा की, नगरपालिकांकडे एवढे मनुष्यबळ नाही. तो अंशतः खरा आहे. म्हणूनच आरंभ सर्व घरांपासून न करता शाळा, दवाखाने व कार्यालये यांपासून करावा लागेल. आणि प्रयोगशाळेचा अहवाल हाती नसेल तेव्हा जुना पन्हळी सिमेंट पत्रा ॲस्बेस्टॉसचाच आहे, असे गृहीत धरून काम करावे लागेल. या गृहीताने झाली तर थोडी अधिक काळजी होईल. उलट गृहीताने होणारे नुकसान चाळीस वर्षांनी कळेल आणि तोवर ते भरून निघणार नाही.

या दृष्टीने पाहता किमान सुधारणा तीन आहेत. डागडुजीच्या परवानगीच्या अर्जात सुगम्यतेच्या मापांशेजारीच छप्पर, नळ व वेष्टन यांच्या पूर्वतपासणीचा रकाना असेल. प्रत्येक सार्वजनिक इमारतीची एक नोंदवही असेल. तीत उतरंडीचा चढ जसा आकड्याने, तसा संशयित पत्रा जागेने नोंदलेला राहील आणि काम सुरू करण्यापूर्वी ती मजुरांच्या मुकादमास दाखविणे बंधनकारक राहील. तिसरी सुधारणा भाषेची : नमुन्यात ‘सिमेंटचा पत्रा’ न लिहिता ‘ॲस्बेस्टॉस-सिमेंटचा पत्रा’ असे लिहिले जाईल आणि जेथे आज्ञा अभिप्रेत आहे तेथे ‘ठेवावी’ऐवजी ‘ठेवील’ हे रूप येईल.

१९९५ च्या निर्णयाने कामगाराची नोंद चाळीस वर्षे जपण्यास सांगितले, कारण देहाला झालेली इजा कागदाहून उशिरा बोलते. त्याच न्यायाने इमारतीचीही नोंद जपली पाहिजे. पायरीपाशी अडलेला मनुष्य आपली अडचण आज सांगू शकतो. छपराखाली श्वास घेणाऱ्यास ती सांगण्याची पाळी येईल तेव्हा, पत्रा कोणी फोडला हे आठवणारा कोणी उरलेला नसेल. सोलापूरच्या महानगरपालिकेने या दोन तपासण्या एका कागदावर आणल्या, तर तो कागद इतर शहरांनाही उपयोगी पडेल.